ऑटोक्रॉसमध्ये जुन्या मसल कारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स का जळतो आणि कसा टिकवतात

१९६९ ची शेवरोले कॅमेरो, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली मोठ्या इंजिनाची अमेरिकी 'मसल कार', पुढे भलंमोठं व्ही-एट इंजिन, आणि रिकाम्या पार्किंगमध्ये मांडलेल्या नारिंगी शंकूंमधून मागचा भाग झटकत निघालेली गाडी. अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसचे असे व्हिडिओ आपल्याकडचे गाडीवेडे लोकही आवडीने बघतात. यातल्या बऱ्याच गाड्या ऑटोमॅटिक असतात. ते लक्षात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑटोमॅटिक गाडी, ती पण पन्नास वर्षांपूर्वीची, आणि तिला असं पिळायचं? गिअरबॉक्स टिकणार किती?

प्रश्न रास्त आहे. त्याचं नेहमीचं उत्तर मात्र मला पटत नाही. इंजिनाची ताकद जास्त, गिअरबॉक्स म्हातारा, म्हणून तो तुटतो, असं सर्रास सांगितलं जातं. हे जुने अमेरिकी गिअरबॉक्स चांगलेच दणकट आहेत. ऑटोक्रॉसमध्ये त्यांचा घात बहुतेक वेळा तेलामुळे होतो. तेल नको तिथे पळतं, नको इतकं तापतं, किंवा त्याचा दाब हवा त्या क्षणी मिळत नाही. हे एकदा समजलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, तेही समजतं.

हा खेळ नेमका काय आहे

ऑटोक्रॉसमध्ये एकमेकांशी झुंजणाऱ्या गाड्या नसतात. जुनी धावपट्टी किंवा मोठं पार्किंग घ्यायचं, शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि एकेका गाडीने ती कमीत कमी वेळात पार करायची. शंकू पाडला तर प्रत्येकी २ सेकंद दंड. एक फेरी साधारण ४० ते ७० सेकंदांची, आणि वेग ताशी १०० किलोमीटरच्या फार वर क्वचितच जातो. १९४४ मध्ये स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका हा खेळ 'सोलो' नावाने चालवतो आणि त्यात 'क्लासिक अमेरिकन मसल' असा खास गटही आहे.

या गटाच्या नियमातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे: टायर. टायरच्या बाजूवर त्याच्या झिजेचा आकडा छापलेला असतो (आकडा मोठा म्हणजे टायर टिकाऊ, पण सहसा कमी चिकट) आणि तो २०० किंवा त्याहून जास्त असावा लागतो. ऐकायला ही बंधनाची अट वाटते, पण आजचे या वर्गातले चांगले टायर जबरदस्त पकड देतात. १९६० च्या दशकात या गाड्या जे टायर घालून कारखान्यातून बाहेर पडल्या, त्यांची पकड याच्या जवळपासही नव्हती. गाडी तीच, गिअरबॉक्स तोच, पण वळणावर बसणारी ओढ मूळ इंजिनिअरांनी गृहीत धरली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त.

आत काय असतं

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये मॅन्युअल गाडीत क्लच असतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलाने भरलेलं एक बंद भांडं. इंजिनाला जोडलेली पाती तेल भिरकावतात, ते तेल समोरच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतं, आणि ती पाती गिअरबॉक्सला जोडलेली असतात. धातूचा धातूला थेट सांधा नाही, म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहू शकते. निघताना हा कन्व्हर्टर इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट करून देतो. त्याची किंमत तो उष्णतेच्या रूपात वसूल करतो. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे पडला की मधलं तेल घुसळलं जातं आणि तापतं.

कन्व्हर्टरच्या मागे ग्रहमालेसारखे रचलेले गिअर असतात. ते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. कुठला भाग धरायचा आणि कुठला मोकळा सोडायचा एवढंच ठरवायचं असतं, आणि ते काम पातळ क्लच प्लेटांचे गठ्ठे आणि पट्टे करतात. प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात त्या तेलाच्या दाबाने. तो दाब पुढचा पंप देतो आणि पंप फिरतो इंजिनावर. म्हणजे तेच एक तेल जोर पोचवतं, प्लेटा दाबतं, वंगण देतं आणि उष्णताही वाहून नेतं. ते कुठल्याही एका कामात कमी पडलं तर बाकीची कामं सोबत बिघडतात.

आपल्याकडे छोट्या गाड्यांत जी एएमटी मिळते तिचा याच्याशी संबंध नाही. तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, त्याचा क्लच यंत्र दाबतं आणि गिअरही यंत्रच बदलतं, इतकंच. स्कॉर्पिओ-एनच्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्यामुळे खाली येणारं बरंचसं तिलाही तत्त्वतः लागू पडतं.

दणकट म्हणजे किती दणकट

शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरचा बॉक्स १९६४ मध्ये आला. पुढे तोच बॉक्स रोल्स-रॉइसने घेतला, अमेरिकी लष्कराच्या हमवी या जीपसारख्या गाडीत बसला, आणि १९७६ मध्ये फेरारीने आपली पहिली ऑटोमॅटिक गाडी काढली तेव्हा तिच्यातही तोच होता. त्याचा हलका भाऊ टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा १९६९ पासूनचा, आणि कॅमेरोंमध्ये आज सगळ्यात जास्त तोच दिसतो. क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ७२७ आणि फोर्डचे सी-४ व सी-६ हेही याच पिढीचे.

वळणांच्या शर्यतीत टॉर्क कन्व्हर्टर चालतच नाही, हा समज तर १९६५ सालीच निकालात निघाला. टेक्ससचे जिम हॉल आणि हॅप शार्प यांनी त्या वर्षी अमेरिकेतली सेब्रिंगची १२ तासांची शर्यत आपल्याच चॅपरल गाडीने जिंकली. त्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर होता, गिअर मात्र चालक हाताने निवडायचा. पुढच्या वर्षी चॅपरलनेच जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगची १००० किलोमीटरची शर्यतही मारली. क्लचचं पेडल नसल्यामुळे डावा पाय ब्रेकला मोकळा, हा त्या गाडीचा मोठा फायदा होता. ऑटोक्रॉसमधल्या ऑटोमॅटिकवाल्यांना तो आजही मिळतो.

खरा शत्रू: पॅनमधलं पळणारं तेल

गिअरबॉक्सच्या तळाशी पत्र्याचा उथळ ट्रे असतो, त्याला पॅन म्हणतात. वापरून झालेलं तेल त्यात ठिबकतं, आणि फिल्टरच्या तोंडातून पंप ते पुन्हा वर ओढतो. सरळ रस्त्यावर हे बिनबोभाट चालतं.

आता गाडी वळणात घाला. चांगल्या टायरवर गाडी गुरुत्वाकर्षणाइतक्याच जोराने आडवी ओढली जाते. खाली ओढणारा जोर आणि बाजूला ओढणारा जोर सारखे झाले की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशात कलतो. पॅन सुमारे फूटभर रुंद आहे, म्हणजे एका कडेचं तेल दुसऱ्या कडेपेक्षा फूटभर उंच जायला बघणार. पॅनची खोली जेमतेम काही सेंटिमीटर. अर्थात सगळं तेल एका भिंतीला चिकटतं, वर गिअरच्या पोकळीत चढतं आणि फिल्टरचं तोंड उघडं पडतं. जोराचा ब्रेक लावला की तेच तेल पुढे, ॲक्सिलरेटर दाबला की मागे.

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेल्यावर फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि मोटर हवा धरते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पाइपातून पाण्याऐवजी फसफस येते आणि दाब जातो. गिअरबॉक्समध्येही पंप हवा ओढतो, दाब अर्धा-एक सेकंद पडतो, आणि तेवढा वेळ क्लच प्लेटा घट्ट दाबलेल्या न राहता घसरतात. नेमका हाच क्षण वळणातून बाहेर पडून चालकाने ॲक्सिलरेटर दाबल्याचा असतो. इंजिनाचा आवाज एकदम चढतो, गाडी मात्र तेवढी पुढे सरकत नाही. अमेरिकेत याला 'फ्लेअर' म्हणतात. दर फ्लेअरला प्लेटांवरचा अस्तराचा थर थोडा जळतो. दिवसाच्या अखेरीस गाडी नीट घरी जाते, आणि महिन्याभराने दुसरा गिअर लागेनासा होतो. लोक म्हणतात, ताकद सोसली नाही. ताकद त्याने सोसली असती, पण प्लेटा दाबून धरायला तेलच नव्हतं.

उपाय म्हणून खोल पॅन बसवतात, आणि इथे एक चूक फार होते. पॅन खोल केला पण फिल्टर जुन्याच उंचीवर ठेवला, तर जादा तेल फिल्टरच्या खाली नुसतं पडून राहतं. पॅनसोबत फिल्टरचं तोंडही तितकंच खाली यायला हवं, त्यासाठी लांबीचा तुकडा मिळतो. तेलाला एकदम पळू न देणाऱ्या आडव्या पट्ट्या पॅनमध्ये असतील तर आणखी चांगलं. गाडी खाली बसवलेली असेल तर पॅन जमिनीला टेकणार नाही ना, हे मोजूनच घ्यावं.

दुसरी युक्ती म्हणजे तेल खुणेच्या वर थोडं जास्त भरणं. अनेक जण ते करतात, मला ती पळवाट पसंत नाही. तेल फिरणाऱ्या भागांपर्यंत पोचलं की घुसळून फेस होतो. फेस म्हणजे हवाच, म्हणजे जो रोग टाळायचा तोच घरात आणला. शिवाय गिअरबॉक्सवरच्या हवेच्या नळीतून उतू गेलेलं तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

मिनिटभराच्या फेरीत असं किती तापणार?

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. हिशेब मांडून पाहू. ३०० अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे सुमारे २२४ किलोवॅट. कन्व्हर्टर घसरत असताना त्यातले १५ टक्के उष्णतेत गेले तर ते झाले जवळपास ३३ किलोवॅट. एका फेरीत पूर्ण ॲक्सिलरेटरचे असे तुकडे मिळून १५ सेकंद धरले, तर ५०० किलोज्यूल. गिअरबॉक्सात आणि कन्व्हर्टरमध्ये मिळून साडेनऊ-दहा लिटर तेल. ही सगळी उष्णता त्या तेलानेच घेतली तर ते सुमारे ३० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता धातूत मुरते, म्हणून वाढ कमी दिसते. पण मुरलेली उष्णता लगेच जात नाही. फेरी संपते, गाडी रांगेत उभी राहते, समोरून वारा नाही, खालून तापलेलं डांबर, आणि थोड्या वेळात पुन्हा नंबर. एकाच गाडीत दोघं आळीपाळीने भाग घेत असतील तर ती थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत सुखात असतं. त्यापुढे दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. ११५ च्या वर चिकट थर धरायला लागतो, आणखी वर रबरी सील कडक होतात. कडक सीलमधून दाब गळतो, दाब गळला की प्लेटा घसरतात, घसरल्या की आणखी तापतं.

उष्णतेच्या बाबतीत कन्व्हर्टरची निवड महत्त्वाची. गाडी ब्रेकवर अडवून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तर इंजिन मिनिटाला ज्या फेऱ्यांपर्यंत चढून थांबतं, त्याला स्टॉल म्हणतात. ड्रॅग शर्यतीसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावर सुसाट धावण्याच्या शर्यतीसाठी, हा आकडा उंच ठेवतात आणि ऑटोक्रॉसवाले देखादेखी तसाच कन्व्हर्टर घेतात. समजा ३५० गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचं गिअर-गुणोत्तर ३.७३, टायर ६५ सेंटिमीटर व्यासाचा. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ४५ किलोमीटरने वळणातून बाहेर पडताना गिअरबॉक्सचा पुढचा दांडा मिनिटाला सुमारे २१०० फेरे फिरतो. कन्व्हर्टर ३००० स्टॉलचा असेल तर इंजिन आधी ३००० वर उडी मारतं आणि मधले ९०० फेरे तेलात घुसळतात. त्यातला काही भाग वाढीव जोर म्हणून परत मिळतो, बाकीचा तेल तापवतो. शिवाय पायाखाली सगळं स्पंजासारखं लागतं, गाडी ॲक्सिलरेटरला झटकन उत्तर देत नाही. या खेळाला २००० ते २४०० च्या आसपासच्या स्टॉलचा घट्ट कन्व्हर्टरच बरा, असं माझं मत आहे.

स्टार्टला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबून उभं राहणं तर टाळावंच. गाडी हलत नाही म्हणजे त्या क्षणी इंजिनाची शंभर टक्के ताकद तेल तापवत असते. स्टॉलची चाचणी ५ सेकंदांपेक्षा जास्त करू नका, असं सर्व्हिस मॅन्युअल बजावतात ते उगाच नाही.

मूळ गाडीत तेल रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधून फिरून येतं. त्याच्यापुढे पंखा लावलेला वेगळा कूलर जोडणं हा या सगळ्या यादीतला सगळ्यात वसूल खर्च. पंखा हवाच, कारण रांगेत वारा नसतो.

ड्रॅगमध्ये हजार अश्वशक्ती सोसतो, मग इथे ३५० अश्वशक्तीला का कुरकुरतो?

ड्रॅग शर्यतीत गाडी सरळ जाते. तेल फक्त मागे सरकतं, तेही काही सेकंद. दोन गिअरचा जुना पॉवरग्लाइड आजही तिथे प्रचंड ताकद सोसतो तो याचमुळे. ऑटोक्रॉसमध्ये मात्र पाय सतत ॲक्सिलरेटरवरून उठतो आणि पुन्हा पडतो, आणि दर वेळी गिअरबॉक्सातल्या जोराची दिशा उलटते.

इथे वन-वे क्लच नावाचा भाग मध्ये येतो. तो एका दिशेने पकडतो आणि उलट दिशेने मोकळा फिरतो. ३५० गिअरबॉक्समध्ये लिव्हर डी वर असताना दुसरा गिअर याच्या भरवशावर असतो. पाय उचलला की तो सुटतो आणि इंजिनाचा ब्रेक लागत नाही. पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की तो झटक्याने पकडतो. एका फेरीत असे कितीतरी झटके. लिव्हर हाताने दुसऱ्यावर ठेवला तर एक पट्टाही जोडीला आवळला जातो, इंजिनाचा ब्रेक मिळतो आणि झटका कमी होतो. म्हणून फेरीत लिव्हर दुसऱ्यावरच ठेवावा. वरच्या मापांच्या गाडीत इंजिनाच्या मिनिटाला ५५०० फेऱ्यांना दुसरा गिअर ताशी ११८ किलोमीटरपर्यंत पुरतो, म्हणजे फेरी सहसा त्यातच संपते. हा पट्टा रुंदीला कमी आहे, त्यामुळे जोरात जाताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर ओढून वेग मारायची सवय मात्र महागात पडते. वेग ब्रेकने कमी करावा.

पहिल्यावर येण्याचा मोहही नको. पहिला गिअर ताशी ७२ ला संपतो, आणि हळू वळणासाठी तो लावून लगेच पुन्हा वर जाण्यात वेळ वाचत नाही, प्लेटा तेवढ्या झिजतात.

दाब कोण ठरवतं

जुन्या गिअरबॉक्सात संगणक नाही. इंजिनावर किती भार आहे हे त्याला दुसऱ्या वाटेने कळतं आणि त्यावरून तो दाब वाढवतो-कमी करतो. ३५०, ४०० आणि फोर्ड सी-४ मध्ये हे काम इंजिनाच्या व्हॅक्यूमला जोडलेला मॉड्युलेटर करतो. त्याचा पडदा फाटला तर गिअरबॉक्सचं तेल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा-निळसर धूर येतो. बिचाऱ्या मालकाला वाटतं, पिस्टन रिंगा गेल्या. इंजिन उघडण्याआधी मॉड्युलेटरची नळी काढून आत तेल लागतंय का ते बोटाने बघावं. दोन मिनिटांचं काम आहे.

१९८२ मध्ये आलेला चार गिअरचा ७००आर४ अनेक जण ओव्हरड्राइव्हसाठी, म्हणजे हायवेवर इंजिन सावकाश फिरावं यासाठी असलेल्या वरच्या गिअरसाठी, जुन्या कॅमेरोत घालतात. त्यात हा निरोप कार्बोरेटरपासून येणारी केबल देते. केबल ढिली किंवा चुकीच्या कोनात बसली तर पूर्ण ॲक्सिलरेटरवरही दाब कमीच राहतो, आणि नवा कोरा बांधलेला गिअरबॉक्स बघता बघता जळतो. कार्बोरेटर बदलला की केबलची जुळवणीही बदलावी लागते, हे विसरल्यामुळे किती चांगले गिअरबॉक्स भंगारात गेले असतील!

शिफ्ट किट म्हणजे दाब थोडा वाढवून गिअर पटकन लावणाऱ्या स्प्रिंगा आणि छिद्रं बदललेली प्लेट. प्लेटा घसरण्याचा वेळ कमी होतो म्हणून ती उपयोगी. पण पॅनमधून हवा ओढली जात असेल तर किटही काही करू शकत नाही.

मग मॅन्युअलच का बसवत नाहीत?

बसवतात, आणि ज्याला तिसरं पेडल हवं त्याने बसवावंच. पण त्यासाठी पेडलं, क्लचची जोडणी, गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा दांडा (क्रॉसमेंबर) बदलावा लागतो, कधी गाडीचा तळही कापावा लागतो. कारखान्यातून आली तशी जपलेली गाडी असेल तर तिचं मोलही त्यात जातं. काहींच्या गुडघ्यांना क्लच झेपत नाही, काहींना डाव्या पायाने ब्रेक मारण्याची पद्धतच आवडते. संगणकावर चालणारा जनरल मोटर्सचा नव्या पिढीतला ४एल८०ई गिअरबॉक्स घालून स्टिअरिंगवरून गिअर बदलणं हाही मार्ग आहे, आणि तो चांगला आहे. मात्र त्यालाही पॅन आहे आणि त्यातलंही तेल वळणात पळतंच.

स्पर्धेच्या दिवशी

फेरी संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. पंप इंजिनावर फिरतो, इंजिन थांबलं की तेल कूलरमधून फिरायचं थांबतं. पंखा चालू ठेवून दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवावं, आणि जनरल मोटर्सची गाडी असेल तर पार्कमध्ये चालेल. जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये मात्र पार्कमध्ये कन्व्हर्टरला तेल जात नाही, म्हणून तिथे हँडब्रेक ओढून न्यूट्रल. तेलाची पातळीही त्याच स्थितीत बघायची: इंजिन चालू, तेल गरम, शेवरोलेत पार्क, क्रायस्लरमध्ये न्यूट्रल. थंड गाडीत बघितलेल्या पातळीवर विसंबू नये.

तापमानाचा काटा बसवताना सेन्सर पॅनमध्ये घेतला तर गिअरबॉक्स कुठल्या तेलावर चालतोय ते कळतं, आणि कन्व्हर्टरकडून कूलरकडे जाणाऱ्या नळीत घेतला तर क्षणाचा चढ दिसतो. एकच घ्यायचा तर पॅनमधला घ्यावा. काटा ११५ ला टेकला की पुढची फेरी सोडावी.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघावा. पारदर्शक लाल असेल तर उत्तम. विटकरी झाला तर तेल म्हातारं झालंय. काळपट, करपलेल्या वासाचा आणि बोटांत चोळल्यावर कणकण लागणारा असेल तर प्लेटांचं अस्तर त्यात आलंय, मग पॅन उघडावाच. तळाच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप दिसला तर ती नेहमीची झीज, पुसून टाकावी. पितळी चमचम दिसली तर बुश झिजताहेत. काळा चुरा साचलेला असेल तर नुसतं तेल बदलून काही होणार नाही, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, आणि पुन्हा बांधताना खोल पॅन व खाली आलेला फिल्टर त्याच वेळी बसवून घ्यावा.